अंगठा, आकडा आणि न्याय

पगारपत्रकावर अंगठा उठविणाऱ्या कामगारांत आम्ही वावरलो. ठशाचा इतिहास आम्हांला म्हणूनच जवळचा. १८५८ साली बंगालात हर्शेल या अधिकाऱ्याने कंत्राटदाराच्या करारावर हाताचा ठसा घेतला. १८९२ साली गॉल्टनने हिशेब मांडला : दोन बोटांचे ठसे तंतोतंत जुळण्याचा संभव सहा हजार चारशे कोटींत एक. १८९७ साली कलकत्त्यास ठसे-कार्यालय निघाले.

परंतु रक्तगटासारख्या खुणा इतक्या दुर्मिळ नसतात. समजा, एखादी खूण हजारांत एकाजवळ आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची वस्ती साडेपाच लाख होती. म्हणजे त्या खुणेची माणसे साडेपाचशे! लातुरातही पावणेचारशेंवर भरतील. यांतला गुन्हेगार कोणता? आकडा पुराव्याचे वजन सांगतो; दोष ठरविण्यास दुसरा पुरावा हवा, आणि तो मागणे हा गरिबातल्या गरीब आरोपीचाही हक्क आहे.