इमान

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, इमान म्हणजे काय?" मी म्हटलं, आमच्या लहानपणी गावाकडची म्हातारी माणसं विमानाला इमान म्हणायची! तो हसला, पण मला एक जुना तास आठवला.

१९७८ साल असेल. आठवीचा वर्ग. कुत्र्यावरच्या निबंधात एका मुलाने 'इमानी प्राणी' लिहिलं होतं. मी 'इमानी' खोडून 'एकनिष्ठ' केलं. शुद्ध मराठीचं वेड होतं तेव्हा मला. वर्गातला एक मुसलमान मुलगा उभा राहिला. "सर, आमच्याकडे इमान म्हणजे अल्लावरचा विश्वास. कुत्र्याला कसं म्हणायचं?" मी म्हणालो, "हा मराठीचा तास आहे, खाली बस."

खरं तर तोच बरोबर होता. मूळ अरबी शब्दाचा अर्थ श्रद्धा हाच. अ-म-न हा धातू, त्यात सुरक्षिततेचा, निर्धास्तपणाचा भाव आहे. मोमीन, अमीन, अमानत ही सगळी त्याच घरची मंडळी. हिब्रू ही अरबीची बहीण, त्यामुळे चर्चमधलं 'आमेन'सुद्धा नात्यातलंच निघतं. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कोश मांडीवर घेऊन बसलो होतो.

१३४७ साली बहमनी राज्य आलं आणि दख्खनच्या दफ्तरांत फारसीचा शिरकाव वाढला. फारसीच्या खांद्यावर बसून असे कितीतरी अरबी शब्द मराठीत उतरले. देवावरच्या श्रद्धेचा हा शब्द आपल्याकडे मात्र धन्याशी, खाल्ल्या मिठाशी जोडला गेला. 'इमानेइतबारे चाकरी केली' यातला इतबारही अरबीच. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी लोकांच्या तोंडचं इमान काही हललं नाही. 'बेइमान' या शिवीला जी धार आहे, ती 'निष्ठाहीन'ला कुठून येणार?

आणि मी ज्याच्यासाठी इमानी खोडलं, त्या 'निष्ठे'चं काय? नि अधिक स्था, म्हणजे ठाम उभं राहणं, स्थिती. शेवट, पूर्णता हाही तिचा एक अर्थ. पाणिनीने तर 'कृत', 'गत' अशी रूपं करणाऱ्या प्रत्ययांनाच निष्ठा हे नाव दिलं. बी.ए.ला हे पाठ केलं होतं, पण निष्ठा म्हणजे काम तडीस गेलेलं असणं, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. मास्तर होऊनही नाही. असो.

तो मुलगा गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. आता साठीचा. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, त्या दिवशी तुझं बरोबर होतं." त्याला काही आठवेना. मग सगळी हकिकत सांगितली. तो हसून म्हणाला, "सर, मला तर वाटलं होतं, तुम्ही मला बोलत होतो म्हणून खाली बसवलंत."