गाडीखालचा माणूस

फोर्ड कंपनी आपल्या मॉडेल टी गाडीबरोबर मालकासाठी एक पुस्तिका देत असे. तिची रचना प्रश्नोत्तरांची. प्रश्न मालकाच्या तोंडी, उत्तरं कंपनीची. इंजिनातलं तेल कधी काढून टाकायचं? नव्या गाडीचं ४०० मैलांवर, नंतर दर ७५० मैलांनी. जुनं तेल निथळलं की इंजिनात गॅलनभर रॉकेल ओतायचं, हँडल मारून इंजिन पंधरा-वीस वेळा फिरवायचं, ते रॉकेलही सोडून द्यायचं आणि मग ताजं तेल भरायचं. हा सगळा उद्योग मालकानेच करायचा, हे पुस्तिकेने गृहीतच धरलेलं होतं.

त्याला तसं कारणही होतं. १९०८ साली ही गाडी बाजारात आली, तेव्हा अमेरिकेच्या खेड्यांत घोड्याला नाल ठोकणारे भरपूर होते, पण मोटार दुरुस्त करणारे शोधावे लागत. गाडीही अशी की मालकाला स्वस्थ बसू देत नसे. तिच्या इंजिनाला तेलाचा पंप नव्हता. फिरणारं फ्लायव्हील तेल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीतून पुढच्या भागाकडे वाहायचं, आणि एवढ्यावर सगळं वंगण भागायचं. तेलाची पातळी बघायला आजच्यासारखी पट्टीही नव्हती. फ्लायव्हीलच्या कवचावर मागच्या बाजूला खाली-वर दोन छोटे कॉक होते. गाडीखाली सरपटत जायचं, वरचा कॉक उघडायचा. त्यातून तेल आलं तर भरपूर आहे. खालच्यातूनही आलं नाही, तर गाडी सुरू करायची नाही.

तेल इतक्या लवकर का बाद व्हायचं, हे त्या काळचे रस्ते आठवले की कळतं. धुळीचे रस्ते, आणि ती धूळ इंजिनात शिरू नये म्हणून काही सोय नाही. पेट्रोलही आजच्याइतकं शुद्ध नव्हतं. त्याचा न जळलेला भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपायचा आणि तेल पातळ करून टाकायचा. थंडीत तर पाण्याची वाफही त्यात मिसळायची. साडेसातशे मैलांनंतर बाहेर यायचं त्याला तेल म्हणायला धीर लागत असेल.

खनिज तेल इंजिनात घालण्याची कल्पना मोटारीहून जुनी. जॉन एलिस नावाच्या डॉक्टरने १८६६ साली वाफेच्या इंजिनांसाठी पेट्रोलियमपासून वंगण तयार केलं. त्याचंच पुढे व्हॅल्व्होलिन झालं. तेल किती दाट, किती पातळ, हे सांगायची सर्वमान्य पद्धत मात्र १९११ पर्यंत नव्हती. त्या वर्षी अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे एसएईने, पहिलं वर्गीकरण केलं. डब्यावरच्या आजच्या आकड्यांचं मूळ तिथे आहे.

एक फाटा आपल्याकडेही येतो. चार्ल्स वेकफील्डच्या ब्रिटिश कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं, ते त्यात कॅस्टर, म्हणजे चक्क एरंडेल, असायचं म्हणून. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंही एरंडेलावर चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. त्या इंजिनांत तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा वापरलं की ते धुराबरोबर बाहेर उडून जाई, आणि त्यातलं बरंचसं वैमानिकाच्या तोंडावर. पोटावर त्याचे जे परिणाम होत, ते घरातल्या आजीने सांगितले असते. एरंडाचा मोठा साठा हिंदुस्थानात होता. युद्धाच्या अखेरीस अमेरिकेने फ्लोरिडात एरंडाची लागवड करून घेतली, तेव्हा बियाणंही इथूनच मागवलं.

१९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्घ यांनी मोटारीच्या तेलासाठी गाळणी आणली आणि तिला प्युरोलेटर असं नाव दिलं. गाळणी आली तरी आतला गाळ संपला नाही. तेल जळून होणारी काजळी आणि चिकट राळ इंजिनाच्या भिंतींवर, रिंगांच्या खाचांत बसून राही. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांच्या रिंगा अशाच अडकू लागल्या. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने तेलात घाण धुऊन काढणारी रसायनं मिसळली. इथे गंमत अशी की, आधीचं साधं तेल पट्टीवर बराच काळ स्वच्छ दिसायचं, कारण घाण इंजिनाला चिकटलेली असायची. नवं तेल लवकर काळं पडायचं, कारण ते घाण आपल्यात घेऊन फिरायचं. काळं तेल म्हणजे काम करणारं तेल, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. अजूनही नाही. आपल्याकडे डिझेल गाडीत नवं ऑइल घातल्यावर आठवड्यात काळं पडलं म्हणून मेकॅनिकशी हुज्जत घालणारे मालक आजही भेटतात.

१९५० च्या दशकात दोन गोष्टींनी हे काम सोपं केलं. थंडीत पातळ आणि उन्हाळ्यात पुरेसं दाट राहणारं बहुश्रेणी तेल आलं, त्यामुळे ऋतू पालटला म्हणून तेल पालटायची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायचा डबा-फिल्टर. तो विक्स कंपनीने १९५४ मध्ये आणला. आता कवच उघडून आतली गाळणी काढायची, धुवायची भानगड नाही. जुना डबा फिरवून काढा, नव्याच्या रबरी कडेला बोटभर ताजं तेल लावा आणि हाताने घट्ट करा.

तरीही त्या काळी बहुतेक अमेरिकन मालक गाडीखाली जात नसत. पेट्रोल पंपावरचा गणवेशातला माणूस पेट्रोल भरता भरता काच पुसायचा, पट्टी काढून तेल दाखवायचा, आणि ते बदलायचं असेल तर तिथल्याच लिफ्टवर गाडी चढायची. चित्र फिरलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. पेट्रोल महागलं, गिऱ्हाईक आपल्या हाताने पेट्रोल भरू लागलं, तो गणवेशवाला गेला आणि पंपांवरच्या दुरुस्तीच्या जागांत दुकानं आली. मोठ्या दुकानांत इंजिन ऑइलचे पुठ्ठ्याचे डबे खोक्याने मिळू लागले. त्यांना भोक पाडून ओतायला पत्र्याची टोकदार चोच वेगळी घ्यावी लागे. उपनगरातल्या घरापुढे गाडी चढवायला लोखंडी उतार, खाली पसरट भांडं, हातात पाना, असा शनिवार सकाळचा कार्यक्रम घरोघरी होऊ लागला. मुलगा बापाकडून हे शिकत असे. पैसे वाचत, पण केवळ पैशांसाठी कुणी सकाळभर सिमेंटवर पाठ टेकून पडत नाही. आपली गाडी आपल्याला कळते, हा रुबाब त्यात होता.

या रुबाबाची एक बाजू मात्र फारशी कुणी बघितली नाही. भांड्यात उतरलेलं काळं तेल जायचं कुठे? ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाने १९६३ साली वाचकांना यावर एक तोडगा सुचवला: अंगणात खड्डा खणा, त्यात बारीक खडी भरा आणि तेल तिथे ओता, पुढच्या खेपेपर्यंत जमिनीने ते शोषून घेतलेलं असेल. मासिक जबाबदार होतं आणि सल्ला प्रामाणिक होता. त्या काळी कच्च्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून वापरलेलं तेल शिंपडण्याचीही सर्रास पद्धत होती. मिसुरी राज्यातल्या टाइम्स बीच या छोट्या गावाने १९७० च्या दशकात असंच तेल रस्त्यांवर शिंपडून घेतलं. ठेकेदाराने त्यात एका रसायन कारखान्याचा कचरा मिसळला होता आणि त्या कचऱ्यात डायॉक्सिन होतं. १९८२ च्या डिसेंबरात गावात पूर आला. त्या डायॉक्सिनच्या विषामुळे फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारने अख्खं गाव विकत घेऊन रिकामं करायचं ठरवलं. दोन हजारांवर माणसं उठली.

त्या गावाचं विष घरगुती ऑइलबदलातलं नव्हतं, हे खरं. पण वापरलेल्या तेलाकडे बघायची नजर त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. एका गाडीतून निघालेलं तेल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगू लागली. कॅलिफोर्नियाने १९९१ मध्ये कायदा करून तेलाच्या विक्रीवर छोटा आकार लावला आणि त्या पैशातून जुनं तेल जमा करण्याची केंद्रं उभी केली. दरम्यान जिफी ल्यूबसारख्या साखळी दुकानांनी दहा मिनिटांत ऑइल बदलून द्यायचा धंदा देशभर पसरवला होता. दर ३००० मैलांनी बदला, हा त्यांचा मंत्र. तेल सुधारलं, इंजिनं सुधारली, गाड्यांच्या पुस्तिकांनी अंतर दुपटीपलीकडे नेलं, तरी ३००० चा आकडा लोकांच्या डोक्यातून हलेना. त्यात कुणाचा फायदा होता, हे सांगायला अर्थशास्त्र नको.

मुंबईत ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० निघू लागली. हीच पुढे पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी होऊन शहरभर धावली. तिचं इंजिन साधं. घरी ऑइल बदलायला याहून सोयीची गाडी नसेल. पण ज्याला गाडी परवडायची, त्याला मेकॅनिकही परवडायचा. मालक फार तर शेजारी उभा राहून नवा डबा आपल्यासमोर फुटतो ना, हे बघायचा. ते बघणं गरजेचं होतं, कारण जुनं ऑइल गाळून नामांकित कंपनीच्या डब्यात भरून विकणारे होतेच. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाकायचा, हा जाणत्यांचा शिरस्ता त्यातूनच आला.

अमेरिकेला जो प्रश्न छळत होता, तो इथे निदान वरवर तरी पडला नाही, कारण जळक्या ऑइलला गिऱ्हाईक होतं. सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते फासायचं, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला आणि बांबूला चोपडायचं, उरलेलं भट्टीत जाळायचं. गॅरेजच्या कोपऱ्यातलं पिंप भरलं की भंगारवाला पैसे देऊन ते घेऊन जायचा. ही काटकसर कौतुकाची वाटते खरी. पण फळीवरून मातीत आणि भट्टीतून हवेत जाणाऱ्या धातूंचा आणि काजळीचा हिशेब कुणी ठेवला नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मोफत सर्व्हिसिंगची कुपनं. ऑइल बदलणं फुटपाथवरून कंपनीच्या वर्कशॉपात गेलं. मालक काचेपलीकडच्या खुर्चीत बसू लागला. जळक्या ऑइलबाबत १९८९ च्या घातक कचरा नियमांपासून सुरू झालेली कायद्याची वाट सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीपर्यंत आली आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. पुण्या-नाशकात सोसायटीच्या पार्किंगमध्ये हौसेने ऑइल बदलणारे आता थोडेफार दिसतात. ते आपलं तीन-चार लिटर काळं ऑइल रिकाम्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजात नेतात. गॅरेजवाला ते आपल्या पिंपात ओतून घेतो, आणि पिंपाचे पैसे भंगारवाला देतो ते अर्थात गॅरेजवाल्यालाच.