सोन्याच्या छावणीतील प्रेमकथा : कादंबरी आणि इतिहास

मागील पाठात आपण कॅलिफोर्नियातील 'गोल्ड रश' पाहिली. जानेवारी १८४८ मध्ये कोलोमा येथे सटरच्या लाकूडगिरणीपाशी जेम्स मार्शलला सोन्याचे कण सापडले आणि दोनच वर्षांत डोंगरी नद्यांच्या काठी तंबूंच्या व लाकडी खोपटांच्या छावण्या उभ्या राहिल्या. या काळाविषयी बहुतेक वाचकांना जी माहिती असते ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, कादंबऱ्यांतून आलेली असते. म्हणून आज एक कादंबरी घेऊ.

फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. लहानपणीच विकली गेलेली एंजल 'पेअर-अ-डाइस' नावाच्या छावणीत वेश्याव्यवसायात अडकलेली आहे. (नावातला श्लेष पाहा : अर्थ 'फाशांची जोडी', ऐकायला मात्र 'पॅरडाइज', म्हणजे स्वर्ग.) मायकेल होशेय हा शेतकरी ईश्वराची आज्ञा मानून तिच्याशी लग्न करतो. ती पळून जाते, तरी तो तिला सोडत नाही. कथेचा सांगाडा बायबलमधील होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथातला आहे. तेथे होशेय पंधरा शेकेल चांदी आणि जव मोजून एका स्त्रीला सोडवतो. परंपरेनुसार ती त्याची पत्नी गोमर.

आता कागदपत्रांकडे वळू. १८५० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. लुईझ क्लॅप ही डॉक्टरची पत्नी १८५१-५२ मध्ये रिच बार या छावणीत राहिली व 'डेम शर्ली' या नावाने तिने २३ पत्रे लिहिली. तिथल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक थोड्याच दिवसांत वारली. तिच्या शवपेटीवर घालायला कापड मिळेना, तेव्हा शेजारच्या जुगाराच्या टेबलावरचे कापड उसने आणले. छावणीतला धर्म साधारण असा होता : हाताशी असेल त्यावर भागवलेला. मला हा तपशील कादंबरीतल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक बोलका वाटतो.

एंजलसारखे विकले जाणे ही मात्र कल्पना नव्हे. चीनमधून आणलेल्या कित्येक मुलींकडून करारपत्रांवर अंगठे घेतले जात; आजारपणात दिवस गेले तर करारातली मुदत वाढे. म्हणजे कर्ज फिटण्याऐवजी लांबत जाई. यांच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १८७४ मध्ये आश्रयगृह उघडले. कादंबरीत सुटका एका पुरुषाच्या प्रेमातून होते. येथे ती वर्गणी, न्यायालय आणि आतून कडी लावलेल्या दारातून झाली. तरी फरक वाटतो तितका सरळ नाही. आश्रयगृहातील शिस्त कडक होती, काही मुली तेथूनही निघून गेल्या, आणि राहिलेल्यांपैकी अनेकींची लग्ने चिनी ख्रिस्ती तरुणांशी लावून देण्यात आली.

पुढील पाठापूर्वी एवढे करा : होशेयच्या ग्रंथाचे पहिले तीन अध्याय वाचा, आणि गोमर स्वतः किती वाक्ये बोलते ते मोजा.