आसाफाची मुले आणि देवासचे एक घर



मिस्साच्या वेळी कोणी छान गायले की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते, "त्यांच्या रक्तातच आहे ते!" आम्हीही ते कितीदा म्हटले असेल. पण जुन्या करारातील पहिल्या इतिहासाचा २५ वा अध्याय वाचताना आम्ही थांबलो. दावीद राजाने मंदिरातील गायनाची सेवा आसाफ, हेमान आणि यदूथून या तीन घराण्यांकडे सोपवली. एकट्या हेमानाला १४ मुलगे आणि ३ मुली. म्हणजे पिढीजात गायकच. तरीही तेथे सांगितले आहे की हे सर्व २८८ जण शिकून तयार झालेले होते, आणि सेवेची पाळी ठरवण्यासाठी गुरू आणि शिष्य यांच्या चिठ्ठ्या एकत्रच टाकल्या गेल्या. जन्माने मिळालेली देणगीही शिकवावी लागत होती तर!

पुढे यरुशलेमचे मंदिर पडले, लोक बाबेलला नेले गेले. गायचे कोठे आणि कोणासाठी? पण एज्राच्या पुस्तकात परतणाऱ्यांची मोजदाद आहे, तिच्यात आसाफाचे १२८ गायक आहेत. मंदिर नसताना ते गाणे कोणत्या घरांत जपले गेले असेल, हा विचार करताना आम्हाला नेहमी माळव्यातले एक घर आठवते.

धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने, त्यामुळे मराठी बोलणारी कुटुंबे तेथे कैक पिढ्यांपासून आहेत. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई देवासलाच राहिला. तेथे १९४८ च्या जानेवारीत क्षयाने आजारी असलेला एक तरुण कोरड्या हवेसाठी येऊन राहिला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व. जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. वडील गात असत, आणि हा मुलगा तर लहानपणीच मोठ्या गवयांची गाणी जशीच्या तशी गाऊन दाखवी. पण नक्कल करणाऱ्या त्या पोराला गायक केले ते मुंबईच्या प्रा. बी. आर. देवधरांनी. त्यांचे-याचे रक्ताचे काहीच नाते नव्हते.

देवासला डॉक्टरांनी गाण्याची बंदी केली. पाचसहा वर्षे ज्याचा गळा हेच त्याचे सर्वस्व, त्याने गायचे नाही! पत्नी भानुमती या देवधरांकडेच शिकलेल्या. त्यांनी शाळेत शिकवून घर चालवले आणि आजाऱ्याची शुश्रूषाही केली. कुमारजी अंथरुणावर पडून बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकत राहिले. त्या धुनांतून पुढे मालवती, सहेली तोडी असे नवे राग जन्मले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळाले, आजार हटला, पण एक फुफ्फुस जवळजवळ गेलेच. १९५३ मध्ये ते पुन्हा लोकांसमोर गायले. ती गप्प वर्षे वाया गेली असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

१९६१ मध्ये भानुमती बाळंतपणात वारल्या. थोरला मुकुल तेव्हा पाच वर्षांचा. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घराचे नाव 'भानुकुल' आहे, ते त्यांच्यावरूनच. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे या घरात आल्या. त्याही देवधरांच्या शिष्या. त्यांची मुलगी कलापिनी. मुकुल शिवपुत्र वडिलांकडे शिकले, शिवाय के. जी. गिंडे यांच्याकडे आणि कर्नाटक संगीतातील एम. डी. रामनाथन यांच्याकडेही. म्हणजे कुमारजींच्या मुलालाही दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसावे लागलेच.

१९९२ च्या जानेवारीत कुमारजी गेले, तेव्हा मुकुल यांचा मुलगा भुवनेश लहान होता. त्याला वसुंधराताईंनी आणि आत्या कलापिनी यांनी शिकवले. आणि दिल्लीच्या मधुप मुद्गल यांनीही. हे मुद्गल स्वतः कुमारजींचे शिष्य! आजोबांनी घराबाहेरच्या मुलाला दिलेले गाणे त्याच्या हातून नातवाकडे परत आले. दार लावून घेतले असते, तर ते कोठून आले असते?

हे लिहिण्याचे कारण आमच्या धर्मग्रामातील पेटी. तीन पिढ्या ती एकाच घराकडे होती. दुसऱ्या कोणाला शिकवा असे आम्ही कधी म्हटले नाही, आणि त्यांना वाटले, कोणाला हौसच नाही. नातू नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला पेटी झाकलेलीच राहिली. टाळ्यांवर गायलो. आजोबा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

लेंट सुरू झाल्यापासून ते दर शनिवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर थांबतात. सहा मुले येतात. त्यांतली दोन तर नवीनच राहायला आलेल्या कुटुंबातली, घरात कोणी कधी गायलेले नाही. त्यातली धाकटी पट्टी चुकली की स्वतःच "पुन्हा" म्हणते, आणि आजोबा भाता धरून वाट पाहतात.