रस्ता कोणाचा, नाव कोणाचे?

मुंबईच्या आमच्या मोहल्ल्यांत आजही गोऱ्या साहेबांची नावे सहज तोंडी येतात. डंकन रोड, फॉकलंड रोड, बेलासिस रोड, सँडहर्स्ट रोड. पत्ता सांगताना आम्ही ती घेतो, पण हे साहेब कोण होते हे क्वचितच विचारतो.

जोनाथन डंकन १७९५ ते १८११ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. लॉर्ड फॉकलंड १८४८ ते १८५३ आणि लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० या काळात त्याच गादीवर होते. रस्त्याला सत्ताधाऱ्याचे नाव देणे ही इंग्रजी अमलाची रीतच होती. नकाशावर नाव घालणे म्हणजेही मालकी सांगणेच.

पण रस्ते बांधले कोणी? बेलासिस रोड १७९३ मध्ये मेजर जनरल बेलासिस यांच्या देखरेखीखाली तयार झाला. दुष्काळामुळे सुरत सोडून आलेल्या गोरगरिबांनी तो बांधला आणि त्यासाठी पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. घाम उपाशी माणसांचा, पैसा लोकांचा आणि नाव तेवढे जनरलचे!

सँडहर्स्ट रोडमागचे दुःख आणखी जवळचे आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आढळला. सरकारी पथके रोगी शोधत घराघरांत शिरू लागली. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील मुस्लिम विणकरांनी त्यांना अडवले आणि दंगल उसळली. त्याच वर्षी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. डोंगरीकडून गिरगाव चौपाटीच्या दिशेने जाणारा सँडहर्स्ट रोड त्यांपैकीच एक. वस्तीत हवा खेळू लागली, हे खरे. पण ज्यांची घरे गेली, त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर आले नाही.

स्वातंत्र्यानंतर पाट्या बदलल्या. डंकन रोड मौलाना आझादांच्या नावाचा झाला, फॉकलंड रोड पठ्ठे बापूरावांच्या, बेलासिस रोड जहांगीर बोमन बेहराम यांच्या, तर सँडहर्स्ट रोड सरदार पटेलांच्या. गुलामीची खूण पुसावी, यात गैर काहीच नाही. मौलानांचे नाव वाचून आमचाही ऊर भरून येतो. मात्र सुरतेचे ते भुकेले मजूर जनरलच्या पाटीवर नव्हते, तसेच ते नव्या पाटीवरही नाहीत. एका मोठ्या माणसाच्या जागी दुसरा मोठा माणूस आला, एवढेच.

नळ बाजार, पायधुनी, दो टाकी ही नावे कोणत्याही गव्हर्नरच्या हुकमाने पडलेली नाहीत. ती पाण्यावरून, चालत्या पावलांवरून, रोजच्या जगण्यावरून पडली आणि पाटीची वाट न पाहता टिकली. कष्टकऱ्यांचा इतिहासही असाच लोकांच्या तोंडी जगतो, पण सांगणारी पिढी सरली की तोही सरतो. म्हणून पाटी कोणाची असावी यावर वाद घालण्याआधी, रस्ता कोणी बांधला आणि कोणाच्या घरावरून तो गेला, हे आपल्या भाषेत लिहून ठेवणे हे आमचे पहिले काम आहे.