हत्तीला कोण विचारतो?

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला. पायी आला, परवाना लागला नाही. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, ताडोब्याच्या बोटेझरीचे आणि आलापल्लीजवळच्या पातानीलचे पाळीव हत्ती मात्र ट्रकमधून थेट गुजरातेत, जामनगरला गेले. हजार किलोमीटरहून लांब.

हे हत्ती काही शोभेचे नव्हते. वनखात्याने हत्ती पाळले ते जंगलात राबण्यासाठी. यंत्र पोहोचत नाही तिथून सागाचे ओंडके ओढून आणायचे, रचायचे. पुढे यंत्रे आली, लाकूडतोड घटली आणि हत्तींचे काम संपले. कमलापूरचा कॅम्प मग पाहुण्यांसाठी उरला. ज्यांनी ट्रक भरायला हातभार लावला, त्यांच्याच बिरादरीवर शेवटी ट्रकात चढण्याची पाळी आली.

हत्ती हलवणे ही जुनी विद्या आहे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने नौकाखात्याची कामे सांगितली आहेत. हत्ती पेलतील अशा भक्कम नावा बांधणे हे त्यांतलेच एक. म्हणजे आधी वाहन जनावराच्या मापाचे करायचे. आजचे नियमही तेच सांगतात. केंद्र सरकारच्या २००८ च्या सूचनांप्रमाणे हत्तीला दिवसात ३० किलोमीटरपेक्षा जास्त चालवू नये, ट्रकमध्ये सलग १२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. आजारी किंवा मस्तीत असलेला हत्ती हलवायचाच नाही. डॉक्टरचा दाखला हवा, वाटेत चारापाणी हवे. २०२४ मध्ये पाळीव हत्तींच्या हस्तांतरणाचे आणि वाहतुकीचे स्वतंत्र नियमही आले.

पण कागदाने हत्ती ट्रकात चढत नाही. त्याला चढवतो तो माहूत. ओळखीचा आवाज, ओळखीचा हात आणि भरपूर वेळ लागतो. इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयातला कावन ३० नोव्हेंबर २०२० रोजी मालवाहू विमानाने कंबोडियाला गेला. त्याआधी पिंजऱ्यात आपणहून शिरण्याची सवय त्याला सावकाश लावली होती. विमानाचे उड्डाण काही तासांचे, तयारी मात्र कितीतरी दिवसांची.

लहानपणी दादी एक गोष्ट सांगायची. यमनच्या अब्रहाने हत्ती घेऊन मक्केवर चाल केली, तेव्हा त्याचा हत्ती वाटेत बसला. दुसरीकडे वळवला की चालायचा, मक्केकडे वळवला की पुन्हा बसायचा. दादी म्हणायची, "बेटा, हाथी को भी पूछना पडता है."

आमच्याकडे हत्तीला नाही, निदान गावाला तरी विचारायला हवे होते. पातानीलचे हत्ती रात्री नेले. रात्रीचा प्रवास हत्तीला सोसतो. ऊन नसते, रस्ता मोकळा असतो. गावाला मात्र तीच रात्र चोरीची वाटते. दिवसा एकदा सांगितले असते, निरोपाला चार केळी देऊ दिली असती, तर अर्धा राग तिथेच निवळला असता. कमलापूरकरांनी ठाम विरोध केला आणि त्यांचे हत्ती राहिले. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी जामनगरला गेली, तेव्हा कोल्हापूरकर रडले. ते रडणे आम्हाला नवे नव्हते.

नव्या जागी हत्तींना डॉक्टर मिळतील, आराम मिळेल, मिळावाच. म्हाताऱ्या कामगाराला चांगले दिवस यावेत याला कुणाची ना असेल? पण चाळीस वर्षे राबलेल्या माणसालाही आपण निरोप दिल्याशिवाय पाठवत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)