जपानी संगीतकाराची धून बासरीवृंदासाठी कशी बसवतात? परवानगी लागते का?

जो हिसाईशी यांनी ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या जपानी अ‍ॅनिमेशनपटाला दिलेलं संगीत आज रील्समधून जगभर ऐकलं जातं. समजा, महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या शाळेतल्या आठ-दहा मुलांना अशी धून बासरीवर वाजवायची आहे. सगळ्यांनी मिळून एकच चाल वाजवली की झालं का? नाही. त्यासाठी ‘अ‍ॅरेंजमेंट’ करावी लागते.

अ‍ॅरेंजमेंट म्हणजे काय?

पियानो किंवा ऑर्केस्ट्रासाठीची रचना दुसऱ्या वाद्यांसाठी नव्याने वाटून लिहिणं. आपल्याकडच्या खालुबाज्यात चाल सनईकडे आणि ठेका ढोलाकडे असतो. बासरीवृंदात चाल, साथ आणि ठेका ही तिन्ही कामं बासऱ्यांनाच करायची असतात.

अडचणी कुठे येतात?

• खालचे स्वर: पियानोचा डावा हात जिथे वाजतो, तिथे साधी पाश्चात्त्य बासरी पोहोचत नाही. म्हणून वृंदात आल्टो बासरी आणि एक सप्तक खाली वाजणारी बास बासरी घेतात. र्‍योहेई हिरोसे या जपानी संगीतकाराने तर ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘मरीन सिटी’ या रचना खास बासरी-ऑर्केस्ट्रासाठीच लिहिल्या. बांबूच्या बासऱ्या असतील, तर खालचा भाग लांब बासरीला द्यावा.

• पट्टी: बांबूची बासरी एका पट्टीची असते. मध्येच पट्टी बदलणारी रचना असेल, तर दोन पट्ट्यांच्या बासऱ्या घेऊन वादक वाटून घेणं सोपं पडतं.

• श्वास: लांब स्वर दोघांना द्यावा आणि दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यावा. मग स्वर तुटत नाही.

• सूर: हवा तापली की बासरीचा सूर चढतो. मे महिन्यातल्या महाडच्या उकाड्यात हे लगेच कळतं. थोडा वेळ वाजवून मगच सूर जुळवावेत.

जपानी स्वर आपल्याला परके आहेत का?

फारसे नाहीत. ‘मियाको-बुशी’ या जपानी स्वरसप्तकात सा, कोमल रे, म, प आणि कोमल ध हे स्वर येतात. आपल्या गुणकली रागातही तेच आहेत. ‘योनानुकी’ म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेलं सप्तक. त्याचे स्वर भूपाचे! अर्थात, स्वर सारखे असले तरी चलन वेगळं असतं. शिवाय तोरू ताकेमित्सूंसारखे आधुनिक संगीतकार या चौकटीबाहेरही बरंच लिहितात.

परवानगी लागते का?

हो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार अ‍ॅरेंजमेंट हे मूळ रचनेचं ‘रूपांतर’ मानलं जातं आणि तो हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. भारतात हा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, जपानमध्ये ७० वर्षं. ताकेमित्सूंचं निधन १९९६ मध्ये झालं, म्हणजे भारतात त्यांच्या रचना २०५६ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

जपानमधली ‘जासराक’ ही संस्था सादरीकरणाचे परवाने देते, पण अ‍ॅरेंजमेंटची परवानगी संगीतकार किंवा प्रकाशकाकडेच मागावी लागते. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी पालकांसमोर वाजवण्याला कलम ५२ मध्ये सवलत आहे. मात्र ती त्या प्रेक्षकांपुरतीच. त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळ्यांसाठी टाकला, तर हक्कधारक आक्षेप घेऊ शकतो आणि व्हिडिओ काढला जाऊ शकतो.

मग सुरुवात कुठून करावी?

एक तर प्रकाशकाने छापलेली बासरीवृंदाची तयार अ‍ॅरेंजमेंट विकत घ्यावी. किंवा हक्क संपलेली धून निवडावी. रेन्तारो ताकी यांचं निधन १९०३ मध्ये झालं, त्यामुळे त्यांची ‘कोजो नो त्सुकी’ (१९०१) ही चाल आता सगळ्यांना खुली आहे. या नावाचा अर्थ ‘पडक्या किल्ल्यावरचा चंद्र’. रायगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना तो समजावून सांगावा लागणार नाही.